आधी सही जुळवा

१९८३ सालची गोष्ट. बँकेत लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. संगणक अजून यायचा होता. जाडजूड लेजरं, पितळी टोकनं आणि नमुना सह्यांची कार्डं यांवर शाखेचा सगळा कारभार चाले. आमच्याकडे एका वयस्कर, निवृत्त गृहस्थांचं खातं होतं. दर महिन्याच्या तीन-चार तारखेला त्यांचा पुतण्या चेक घेऊन येई, 'काका बरे आहेत' म्हणून सांगे आणि पैसे घेऊन जाई. लेजरवर मी होते. चेकवरची सही कार्डावरच्या नमुन्याशी जुळवून पाहणं हे माझं काम. पहिले काही महिने ते मी इमानेइतबारे केलं. मग माणूस ओळखीचा झाला, आणि एका गर्दीच्या दिवशी कार्ड न काढताच मी चेक पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी माझ्या भरवशावर तो पास केला. रक्कम चार हजार रुपये. सही काकांची नव्हती.

पुतण्यानं पुढे पैसे भरले, प्रकरण मिटलं. पण मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं ते अजून कानात आहे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ''बाई, माणूस ओळखीचा असेल. सही ओळखीची आहे का, एवढंच आपल्याला बघायचं असतं. आणि ते पैसे द्यायच्या आधी बघायचं असतं. नंतर बघितलं तर त्याला पडताळणी म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात.''

त्यानंतर सदतीस वर्षं मी नोकरी केली. सही न जुळवता एकही चेक माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. तो अभिमान २०२२ च्या श्रावणात एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गळून पडला.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला. वय बहात्तर, जुना मधुमेह, आणि त्या वयाच्या पुरुषांना असतो तसा प्रोस्टेटचा त्रास. लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा त्यानं आपल्यापैकी बहुतेक जण करतात तेच केलं. कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. त्या डब्यात मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या होत्या. पाच दिवसांच्या लिहून दिलेल्या, तीन दिवस घेतलेल्या, बरं वाटल्यावर ठेवून दिलेल्या. त्या त्यानं घेतल्या. संपल्यावर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून त्याहून 'जरा पॉवरच्या' आणल्या. दुकानदार ओळखीचा, दादाचाच विद्यार्थी. चिठ्ठी कोण मागणार? दहा दिवसांनी हुडहुडी भरून ताप चढला, बोलण्यात असंबद्धपणा आला, आणि वहिनीनं मला फोन केला.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर अर्ध्या तासात सलाईन लागलं, इंजेक्शन सुरू झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरतोय अशी शंका असेल तर औषधाला उशीर करायचा नसतो. पण मी तिथं उभी राहून काय म्हणाले, ते मला इथं लिहायला हवं. मी म्हणाले, ''डॉक्टर, पैशाचं बघू नका. सगळ्यात भारी असेल ते द्या.'' डॉक्टरांनी मान हलवली. भारी ते आलं. ते देण्याआधी रक्ताचा आणि लघवीचा नमुना कल्चरसाठी कुणी घेतला नाही, आणि 'घेतलात का' असं मी विचारलं नाही. आयुष्यभर सह्या जुळवणारी बाई, भावाच्या बाबतीत कार्ड न काढताच चेक पास करून मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना. रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं फाईल चाळली आणि नर्सला विचारलं, ''कल्चर कुठंय?'' ते नव्हतं. त्यानं ताबडतोब पाठवलं. पाचव्या दिवशी रात्री दादा गेला. सहाव्या दिवशी दुपारी, आम्ही घरी बसलेलो असताना, भाच्याच्या फोनवर रिपोर्ट आला.

तो कागद मी छापून घेतला. बँकेची सवय, कागद हातात असल्याशिवाय मला वाचता येत नाही. वर जंतूचं नाव होतं, ई. कोलाय. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात मुक्कामाला असलेला, आणि मूत्रमार्गात शिरला की छळणारा. खाली चौदा औषधांची यादी, आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे औषधाला जंतू दाद देतो, 'आर' म्हणजे देत नाही. डब्यातल्या गोळ्यांसमोर आर. दुकानातून आणलेल्यांसमोर आर. पाच दिवस शिरेतून जात असलेल्या त्या भारी इंजेक्शनसमोर आर. एस फक्त चार ठिकाणी होता, आणि त्यांतलं एक जुनं, स्वस्तातलं इंजेक्शन होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो पाच दिवसांचा हिशेब होता.

योग्य औषध पहिल्या दिवशी मिळालं असतं तर दादा वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. वय होतं, साखर होती, किडन्या आधीच दमलेल्या होत्या. ते जुनं इंजेक्शन किडनीला जड पडतं म्हणून डॉक्टरांनी कदाचित दिलंही नसतं. जे घडलं नाही त्याचा ताळेबंद मांडता येत नाही. पण ज्या कागदानं पहिल्या दोन-तीन दिवसांत वाट दाखवायची, तो तेराव्याच्या तयारीत हातात पडला, हे मात्र खरं. पंचनामा म्हणतात तो हाच.

त्या कागदानं मला बरेच महिने सोडलं नाही. तो कसा तयार होतो ते मी शिकले, एका ओळखीच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी मला प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं. वाचकांपैकी अनेकांनी हा रिपोर्ट कधी ना कधी हातात धरला असेल, म्हणून ते थोडक्यात सांगते.

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या उथळ, झाकणाच्या बशीत जेलीसारखा एक थर असतो. ही बशी ज्युलियस पेट्री या जर्मन संशोधकानं १८८७ साली काढली. जेलीची युक्ती मात्र स्वयंपाकघरातून आली. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेसेची बायको फॅनी हिनं १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलं की, घरात जेली घट्ट करायला मी समुद्री शेवाळाचं जे अगार वापरते ते घेऊन पाहा, ते उन्हाळ्यातही वितळत नाही. आपण पुडिंगात घालतो ते चायना ग्रास ते हेच. जगभरातल्या प्रयोगशाळांत आज जंतू वाढतात ते या गृहिणीच्या अगारवर.

रुग्णाचा नमुना या जेलीवर सारवला की एका रात्रीत जंतूंचे ठिपके उमटतात. त्यातला दोषी कोण ते ओळखायचं. मग त्याचं ठरावीक दाटीचं पाणी करून दुसऱ्या बशीवर सगळीकडे सारखं पसरायचं आणि त्यावर कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवायच्या. कुंकवाच्या टिकलीएवढ्या, प्रत्येकीत एकेक औषध मुरवलेलं. बशी पस्तीस अंश उष्णतेत सोळा-अठरा तास ठेवायची. सकाळी पाहावं तर जंतूंचं दुधी गवत सगळीकडे उगवलेलं, आणि काही टिकल्यांभोवती स्वच्छ गोल रिंगण. रिंगण म्हणजे तिथं औषधानं जंतूला वाढू दिलं नाही. काही टिकल्यांच्या मात्र अगदी कडेपर्यंत गवत भिडलेलं. औषध समोर आहे आणि जंतू खुशाल नांदतोय. रिंगणाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी जुळवायचा. नमुना सहीचं कार्डच ते! अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली या पद्धतीचे नियम पक्के करून प्रसिद्ध केले, आणि असंख्य प्रयोगशाळा आजही तीच वापरतात. मोठ्या ठिकाणी आता यंत्रं आली आहेत, जंतूची ओळख काही मिनिटांत पटवणारी उपकरणं आली आहेत. पण जंतू वाढायला त्याचा वेळ लागतोच. नमुना दिल्यापासून पूर्ण रिपोर्ट यायला साधारण दोन ते तीन दिवस धरावे लागतात.

बाईंनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या इथं देते. एक, ज्या औषधाचं रिंगण सर्वात मोठं ते सर्वात चांगलं, असं नसतं. प्रत्येक औषधाचं माप निराळं. एखाद्याला पंधरा मिलिमीटर पुरतात, एखाद्याला पंचवीसही अपुरे. त्यामुळे रिपोर्ट बघून घरच्यांनी औषध निवडू नये. एस असलेल्या चारांपैकी कोणतं द्यायचं हे रुग्ण, त्याची किडनी, दुखणं कुठलं, यावर डॉक्टरच ठरवतील. दुसरी गोष्ट नमुन्याची. औषधाचा डोस गेल्यावर घेतलेल्या नमुन्यात बरेचदा जंतू वाढतच नाहीत, आणि रिपोर्ट येतो 'वाढ नाही'. त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. नळी घातलेल्या रुग्णाच्या पिशवीत साठलेली लघवी पाठवली, किंवा नमुना दुपारभर उन्हात टेबलावर राहिला, तर भलतेच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटी साक्ष देतो. लघवीचा नमुना स्वच्छता करून, मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत घ्यायचा आणि दोन तासांत पोचवायचा; ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा. एवढ्या साध्या गोष्टी. पण कार्डावर सहीच दुसऱ्याची घेतली तर पुढची सगळी पडताळणी फुकट.

मला वाटायचं, जंतूंनी औषधांना दाद न देणं ही अलीकडची आपत्ती आहे. तसं नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ साली. ते रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पेनिसिलिनचा नाश करणारा पदार्थ जंतूंकडे असल्याचं दाखवून दिलं होतं. १९४५ साली नोबेल स्वीकारताना फ्लेमिंगनं व्याख्यानात स्पष्ट इशारा दिला की, अर्धवट मात्रेत औषध घेतलं की जंतू मरणार नाहीत, शिकतील. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. माझ्या वडिलांच्या पिढीला पेनिसिलिनचं इंजेक्शन म्हणजे देवाचा प्रसाद वाटे. न्यूमोनिया झालेलं पोर उठून बसे. वारसाहक्कानं आलेली ती ठेव होती. आणि ठेवीचं व्याज खायचं सोडून आपण मुद्दलालाच हात घातला. सर्दीला अँटिबायोटिक, तापाला अँटिबायोटिक. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंनी होतात, त्यांच्यावर या औषधांचा काडीचा उपयोग नाही, हे पाठ्यपुस्तकात असूनही.

मुद्दल किती उरलंय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांतून हे रिपोर्ट एकत्र करते. त्यांच्या २०२२ च्या अहवालातले दोन आकडे पुरेत. इमिपेनेम हे राखीव ठेवायचं, अगदी अडचणीतलं औषध. २०१७ साली शंभरातले एक्याऐंशी ई. कोलाय त्याला दाद देत होते. २०२२ साली सहासष्ट. क्लेबसिएला नावाच्या, न्यूमोनिया आणि रक्तातला संसर्ग करणाऱ्या जंतूचं प्रमाण एकोणसाठावरून बेचाळीसवर आलं. म्हणजे हे शेवटच्या फळीचं औषध क्लेबसिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत चाललं नाही. हे मोठ्या रुग्णालयांतले, बहुधा गंभीर रुग्णांचे नमुने आहेत, गावातल्या प्रत्येक तापाला हे लागू नाही, हे खरं. पण बँकेत पाच वर्षांत असा घसरलेला ताळेबंद दिसला असता तर इन्स्पेक्शनची माणसं शाखेत तळ ठोकून बसली असती.

आपण मात्र अशा वेळी भलत्याच गोष्टीवर भांडतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० च्या मार्चमध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, राखीव औषधांना न जुमानणारे चोवीस जंतू त्यांनी तपासले आणि त्यांतल्या बावीसांत 'एनडीएम-१' हे नवं हत्यार सापडलं. त्यावर फारसं कुणी बोललं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात तोच विषय आला आणि देशभर गदारोळ झाला, पण तो कशावरून? त्या हत्याराच्या नावात नवी दिल्ली का घातली, यावरून. नाव देणं अन्यायाचं होतं असं मलाही वाटतं. पण नावावरून आपण जेवढे चिडलो, त्याच्या दशांशानंही बावीस या आकड्यावरून चिडलो नाही. घराला आग लागलेली असताना बंबावरच्या पाटीचं शुद्धलेखन तपासावं, तसं ते झालं.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही भावाच्या दुःखानं एकांगी लिहिताय. डॉक्टरांची बाजू आहेच, आणि ती मी ऐकली आहे. पहिला आक्षेप वेळेचा. गंभीर रुग्णाला तीन दिवस औषधाशिवाय ठेवता येत नाही. मान्य. पण तसं कुणी सांगतच नाही. आधी नमुना घ्या, लगेच औषध सुरू करा, आणि रिपोर्ट आल्यावर गरज असेल तर बदला. नमुना घ्यायला लागतात ती पाच-दहा मिनिटं. दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या भारी इंजेक्शनांवर आम्ही पाच दिवस पैसे ओतले, त्यांच्यापुढे तपासणीचा खर्च काहीच नव्हता. तिसरा आक्षेप मात्र खरा आणि अवघड आहे. तालुक्याच्या गावी ही तपासणी करणारी प्रयोगशाळा कुठे आहे? नमुना जिल्ह्याला जातो, तिथून शहराला जातो, रविवार मध्ये आला तर पडून राहतो. याला उत्तर एकेकट्या डॉक्टरकडे नाही, सरकारकडेच आहे. आणि चौथी गोष्ट डॉक्टर सभ्यपणानं बोलत नाहीत, ती मी बोलते. घाई आपल्याला असते. 'उद्या लग्नाला जायचंय, स्ट्राँग काहीतरी द्या.' न देणारा डॉक्टर आपल्याला कमी शिकलेला वाटतो. 'भारी द्या' हे शब्द माझे होते.

हे बदलता येत नाही असंही नाही. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. कोणत्याच औषधाला दाद न देणारा क्षय मुंबईत आढळल्याचं हिंदुजा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास जाहीर केलं, तेव्हाही आधी शब्दांवरून वाद झाला. पण त्यानंतर सरकारी कार्यक्रम हलला. थुंकीच्या नमुन्यावरून क्षय आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, हे दोनेक तासांत सांगणारी यंत्रं आज जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली आहेत. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची औषधरोधाची तपासणी व्हावी, असं राष्ट्रीय धोरण आहे आणि सरकारी केंद्रात ती मोफत होते. उणिवा पुष्कळ असतील. पण 'आधी सही जुळवा' हे तत्त्व म्हणून मान्य झालं. जे क्षयाला मान्य, ते रक्तातल्या आणि लघवीतल्या जंतूला का नको?

यापुढची गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. दादाला जाऊन दोन महिने झाल्यावर मी त्या तरुण डॉक्टरला भेटले. भांडायला नाही, त्याचे आभार मानायला; निदान त्यानं विचारलं तरी होतं. बोलता बोलता मी विचारलं, ''या रिपोर्टचं पुढं काय होतं?'' त्याला प्रश्न कळेना. ''पुढं म्हणजे?'' मी म्हटलं, ''म्हणजे हा कुठं नोंदला जातो का? वर्षभरात इथं असे किती आले, त्यांत हे इंजेक्शन किती जणांत चाललं नाही, याची बेरीज कोण करतं?'' तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, ''मॅडम, आमच्याकडे तसं काही होत नाही. रिपोर्ट पेशंटच्या फाईलला लागतो.''

मी बँकेची बाई. डे-बुकात नोंद झाली आणि लेजरला चढलीच नाही, असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. रुग्णालयानं वर्षभराच्या रिपोर्टांची बेरीज करून तक्ता करायचा असतो: कोणता जंतू, किती रुग्णांत, कोणतं औषध शंभरात किती ठिकाणी चाललं. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. एका रुग्णाचा एक जंतू एकदाच मोजायचा, आणि निदान तीस रुग्णांचे नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही, असे त्याचे साधे नियम आहेत. वही आणि पेन्सिल पुरेल! हा तक्ता डॉक्टरच्या टेबलावर असला की पहिल्या दिवशी, रिपोर्ट यायच्या आत द्यायचं औषध अंदाजपंचे राहत नाही. 'आपल्या इथं हे इंजेक्शन निम्म्या लोकांत चालत नाही, दुसरं सुरू करू' एवढं तरी कळतं. म्हणजे दादाला उशिरा मिळालेला कागद त्याच खाटेवर येणाऱ्या पुढच्या माणसासाठी वेळेवर मिळालेला कागद ठरला असता. आज तो माझ्या कपाटात, दादाच्या पासबुकाशेजारी आहे. दोन्ही खाती बंद.

कायदा झोपलेला आहे असं नाही. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं. त्यातली औषधं विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची. २०१६ पासून अशा औषधांच्या पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल सरकारनं जाहिराती केल्या: ही रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नका. वही आहे, रेघ आहे. दादाच्या त्या विद्यार्थ्याच्या दुकानातही असेल. पण गुरुजींना चिठ्ठी मागायची हिंमत त्याला झाली नाही, आणि गुरुजींनी स्वतःहून दिली नाही. कायदा आपल्या संकोचापाशी येऊन थांबतो.

म्हणून मोठ्या सूचना मी करत नाही. रविवारच्या सकाळी घरात जमेल एवढंच सांगते. कपाटातला तो बिस्किटांचा डबा आजच काढा. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या म्हणजे बचत नव्हे, जुन्या तारखेचे, दुसऱ्याच कुणाच्या सहीचे चेक आहेत ते. घरातलं माणूस दवाखान्यात भरती झालं आणि अँटिबायोटिक सुरू होणार असेल तर हात जोडून, पण न लाजता एक प्रश्न विचारा: ''डॉक्टर, कल्चरला नमुना घ्यायचा आहे का?'' कधी ते 'गरज नाही' म्हणतील, आणि ते बरोबरही असेल. प्रत्येक तापाला ही तपासणी लागत नाही. पण घेतली तर दोन-तीन दिवसांनी दुसरा प्रश्न: ''रिपोर्ट आला का, आणि त्याप्रमाणे औषध बदलायचं का?'' कारण रिपोर्ट येऊनही न वाचता फाईलला लागणं, हे न पाठवण्यापेक्षाही वाईट. तो कागद जपून ठेवा, पुढच्या आजारपणात दाखवा. आणि तुमच्यापैकी कुणी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत असेल, तर तिसरा प्रश्न तुम्ही विचारा: ''आपल्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम कुठाय?''

गेल्या महिन्यात मलाच तो त्रास झाला, वर्षात दुसऱ्यांदा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नाडी बघितली, चार प्रश्न विचारले आणि पॅड पुढे ओढलं. ते लिहू लागणार तोच मी म्हटलं, ''आधी नमुना देऊ का?'' त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वाटलं, रागावतात. तर म्हणाले, ''द्या. लोक थांबत नाहीत हो, म्हणून आम्ही सांगायचं सोडलं.'' आणि वेगळी चिठ्ठी लिहिली.

प्रयोगशाळेत गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या हातात डबी आणि नंबराची चिठ्ठी दिली. अठ्ठावीस नंबर, चालू होता एकोणीस. शेजारच्या बाकावरचे आजोबा वैतागून म्हणाले, ''किती वेळ लावतात!'' मी म्हटलं, ''लावू द्या, काका. सही जुळवतायत.'' त्यांना काही कळलं नाही. मी आपली नंबर यायची वाट बघत बसून राहिले.